पाळकसाहेबांच्या अंगणातला शनी

शांतवन भिंगारदिव्यांना अशी एक गोष्ट येत होती, जी अख्ख्या शेवगाव तालुक्यात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. त्यांना हिब्रू वाचता येत होतं. उजवीकडून डावीकडे, बोट फिरवत, ओठ हलवत ते वाचायचे, आणि वाचताना त्यांची मान आपसूक ताठ व्हायची.

त्या ताठ मानेमागे एक जुनं दुखणं होतं. त्यांचे आजोबा लहानपणी गावातल्या एका शास्त्रीबुवांच्या ओट्याखाली उभे राहून वर चाललेला पाठ ऐकत होते, म्हणून त्यांना दगड मारून हाकललं होतं. पुढे आजोबा ख्रिस्ती झाले, वडील मिशनच्या शाळेत शिकले, आणि शांतवनराव पाळक झाले. धर्मशिक्षण घेताना हिब्रूचा वर्ग ऐच्छिक होता. बाकीचे विद्यार्थी चार दिवसांत पळाले, शांतवनराव मात्र चिकटून राहिले. त्यांच्यापाशी संस्कृत आहे ना, असू दे, ते मनाशी म्हणायचे. आपल्यापाशी हे आहे.

शेवगावच्या वेशीबाहेर त्यांचं छोटं दगडी चर्च, मागे दोन खोल्यांचं घर, आणि दोहोंच्या मधे मोठं मोकळं अंगण. घरात ते आणि त्यांची बायको मालनबाई. मुलगी नगरला बोर्डिंगात. मालनबाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. नवऱ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, सडपातळ, बोलणं कमी आणि नेमकं. पवित्र शास्त्र त्यांना नवऱ्याइतकंच पाठ होतं, फक्त त्या तसं दाखवत नसत.

ते दुष्काळाचं साल होतं. त्र्याहत्तरचा जानेवारी. विहिरींचा तळ उघडा पडलेला, जनावरं छावणीत, आणि माणसं, ख्रिस्ती काय नि हिंदू काय, सगळी खडी फोडायला. आभाळात औषधालाही ढग नव्हता. संध्याकाळी कामावरून परतलेली मंडळी अंगात धूळ घेऊन तशीच चर्चच्या अंगणात टेकायची. शांतवनरावांनी दर बुधवारी तिथे शास्त्राचा वर्ग घ्यायला सुरुवात केली होती, आणि विषय घेतला होता ईयोब. ज्याचं काही चुकलेलं नसताना ज्याचं सगळं गेलं, तो ईयोब. लोकांना तो आपल्यातलाच वाटायचा.

शेवटी देव वावटळीतून ईयोबाला उत्तर देतो. उत्तर कसलं, प्रश्नच विचारतो. त्या प्रश्नांपर्यंत वर्ग येऊन पोचला त्या बुधवारी शांतवनराव खुशीत होते. इथे त्यांचं हिब्रू कामी येणार होतं.

"देव विचारतो, कीमाला गाठ मारून बांधणं तुला जमेल का? कसीलाच्या दोऱ्या सोडशील का?" ते म्हणाले. "कीमा म्हणजे आपल्या कृत्तिका. कसील म्हणजे मृग. आणि पुढे येते आयिश, म्हणजे सप्तर्षी, आपल्या पिलांना घेऊन चालणारी. मूळ शब्द असे आहेत. मराठीत वाचून ही गोडी कळायची नाही."

पुढे बसलेली रंगुबाई नावाची म्हातारी, दिवसभर खडी फोडून हाताला चिंध्या बांधलेली, वर बघत म्हणाली, "पाळकसायेब, मग ती कीमा दावा की वाईच. वर हायेच की समदं आभाळ."

शांतवनराव थबकले. त्यांचे डोळे अधू होते. जाड काचांचा चष्मा होता, पण त्याचा नंबर केव्हाच मागे पडला होता. रात्रीचं आकाश म्हणजे त्यांना काळ्या पाटीवर नीट न पुसलेला खडू. इतकी वर्षं ताऱ्यांवर प्रवचनं दिली, पण कृत्तिका त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आज ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, उत्तरेकडे बोट केलं आणि म्हणाले, "ती बघा. तिथे."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"तितं तर काईच न्हाई," रंगुबाई म्हणाली.

कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका माणसानं नम्रपणे म्हटलं, "मी दाखवू का? जरा डोक्यावर बघा, आजी. तो बारीक चांदण्यांचा झुबका दिसतोय? द्राक्षाच्या घोसासारखा? त्याच कृत्तिका."

तो रविकांत नेवासकर होता. गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. वय तिशीचं, अजून लग्न झालेलं नव्हतं. दुष्काळात मुलांना सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ, वाटायचं काम शिक्षकांकडे होतं, आणि अंगण मोठं म्हणून वेशीबाहेरच्या मुलांची सुकडी तो बुधवारी इथेच वाटायचा. वाटून झाल्यावर तो घरी जायचा. आज थांबला होता.

"अग बया, व्हय की! लई हायेत!" रंगुबाई ओरडली. मग सगळे उठून उभे राहिले, माना मागे टाकून मोजू लागले. कुणाला सहा दिसत, कुणाला सात. रविकांतनं मृग दाखवला, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला. "पाळकसाहेब म्हणाले तो कसील हाच," तो आदरानंच म्हणाला. त्याच्या आदराचाच शांतवनरावांना जास्त राग आला.

मालनबाई सगळ्यात मागे होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "सर, पुढच्या बुधवारी पण थांबाल का?"

"शाळेत एक दुर्बीण आहे, बाई," रविकांत म्हणाला. "लहान आहे, पण चालते. आणू?"

"आणा," मालनबाई म्हणाल्या. नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी दुर्बीण आली. तीन पायांवर उभी केलेली पितळेची नळी. ईयोबाचा अध्याय त्या दिवशी शांतवनरावांनी घाईनं उरकला, कारण कुणाचंच लक्ष नव्हतं.

"रोहिणीच्या पूर्वेला तो पिवळट, न लुकलुकणारा दिसतोय ना, तो शनी," रविकांत म्हणाला. "या साली अगदी छान जागी आलाय."

"शनी?" रंगुबाई दोन पावलं मागे सरली. "नगं बया. शिंगणापूर काय लांब हाय व्हय हितनं? त्येच्या डोळ्याला डोळा कोन देईल?"

लोक हसले, पण पुढे कुणी होईना. नाव घ्यायला भीत नव्हते, बघायला भीत होते. तेव्हा मालनबाई पुढे झाल्या. पदर खोचला, वाकल्या, डोळा लावला. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो शांतवनरावांनी आजवरच्या संसारात कधी ऐकला नव्हता. हसणं आणि श्वास अडकणं यांच्या मधला काहीतरी.

"कडं आहे त्याला," त्या म्हणाल्या. "खरंच कडं आहे! सर, ते हलतंय का?"

"आपण फिरतोय, बाई, म्हणून तो नळीतून सरकतो. थांबा, मी धरतो."

शांतवनराव चर्चच्या पायरीवर उभे होते. अंधारात त्यांना दोन आकृत्या दिसल्या, नळीवर झुकलेल्या. रविकांतचा हात नळीवर होता, मालनबाईंच्या गालाजवळ. जवळ होता की गालाला लागला होता, ते मात्र दिसेना. अधू नजरेला जे दिसत नाही ते मन पुरवतं, आणि मनाचा हात सैल असतो. त्यानं भरपूर पुरवलं.

त्या रात्रीपासून त्यांना घरात सुख लागेना. मालनबाई बदलल्या होत्या. पूर्वी शाळेतून आल्या की आधी चूल पेटवायच्या. आता आधी अंगणात जायच्या, पश्चिमेचा उजेड किती उरलाय बघायच्या, मग आत यायच्या. भाकरी थापताना गुणगुणायच्या. आणि बोलू लागल्या होत्या. मितभाषी बाई, आणि आता तिला बोलायला विषय पुरेना.

"सर म्हणत होते, कृत्तिकांमधे उघड्या डोळ्यांना दिसतात त्याहून शेकडो तारे आहेत."

"हं."

"सर म्हणत होते, तिथला उजेड निघाला तेव्हा आपल्याकडे शिवाजी महाराज पण जन्मले नव्हते."

"मीठ कमी आहे आमटीत," शांतवनराव म्हणाले.

ते मीठच असायचं, नाहीतर पाणी, नाहीतर खिडकीची कडी. खरं काय टोचतंय ते ते बोलत नसत. गूळ महाग झाला होता, घरात बिनगोडाचा चहाच चालू होता. पण बुधवारी सरांच्या कपात गोडी असायची, हे त्यांनी एकदा कप उचलून, कुणी बघत नाही असं पाहून, चाखून ठरवलं. चाखल्यावर त्यांना स्वतःची शरम वाटली. शरम वाटली म्हणून राग आणखी वाढला.

आणि राग एकट्या बायकोचा नव्हता. रात्री पडल्या पडल्या ते मनाशी हिशेब मांडत. या माणसाला आकाश वारशानं मिळालं. याचा बाप यज्ञेश्वरशास्त्री, गावाचं पंचांग सांगणारा. नक्षत्रं याच्या पाळण्यावर टांगलेली. मला मात्र एक एक अक्षर दिव्याखाली डोळे फोडून मिळवावं लागलं. त्या अक्षरांवर माझं अंगण उभं होतं, तर हा आला नि एका बोटानं सगळ्यांच्या माना फिरवल्या. कसील या शब्दाचा हिब्रूत आणखी एक अर्थ होता, तो त्यांनी वर्गात कधी सांगितला नव्हता. कसील म्हणजे मूर्ख. आकाशात बांधून ठेवलेला मोठा थोरला मूर्ख. तो शब्द आठवला की ते कूस बदलत.

एका बुधवारी रविकांत लवकर आला. शांतवनराव ओसरीवर वाचत बसले होते. तो समोर टेकला आणि मनापासून म्हणाला, "पाळकसाहेब, एक विचारायचं होतं. तुम्ही आयिश म्हणालात ना, पिलांना घेऊन चालणारी. ती सप्तर्षीच असं कशावरून ठरवलं? म्हणजे, मूळ शब्दावरून कळतं का?"

प्रश्न चांगला होता. इतका चांगला की शांतवनरावांपाशी त्याचं उत्तर नव्हतं. जाणत्या लोकांचंच त्यावर एकमत नव्हतं. कुणी सप्तर्षी म्हणत, कुणी आणखी काही. त्यांना हे ठाऊक होतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना विचारणारा पहिला माणूस समोर बसला होता, आणि खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता.

"हिब्रू शिकायला वर्षं लागतात, सर," ते पुस्तक मिटत म्हणाले. "सुकडी वाटता वाटता यायची विद्या नाही ती."

रविकांतचा चेहरा उतरला. तो "बरोबर आहे" म्हणाला आणि उठून मुलांकडे गेला. दारात मालनबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्या बुधवारी दुर्बिणीपाशी उभं राहून मालनबाई इतक्या मोकळेपणानं हसल्या, की शांतवनरावांना वाटलं, हे मला दाखवायलाच. रविकांत सांगत होता, "गुरू सध्या पहाटेचा असतो. पावसाळ्यानंतर संध्याकाळी दिसायला लागेल. त्याचे चार चंद्र दाखवीन तुम्हाला. रोज जागा बदलतात."

"रोज?" मालनबाई म्हणाल्या. "मग रोज बघावं लागेल."

रोज. तो शब्द शांतवनरावांच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला.

रविवारी चर्च भरलं होतं. शांतवनरावांनी आमोस संदेष्ट्याचा पाचवा अध्याय उघडला. आमोस हा मुळात मेंढपाळ, रागीट माणूस, आणि त्यांना त्या दिवशी रागीट माणूसच हवा होता. त्यांनी सव्विसावं वचन काढलं. त्यात संदेष्टा लोकांना झापतो, की तुम्ही कीयूनची मूर्ती, तुमच्या देवाचा तारा, खांद्यावर मिरवत फिरलात.

"कीयून म्हणजे कोण?" शांतवनरावांनी विचारलं, आणि थांबले. "कीयून म्हणजे शनी! हाच, जो तुम्ही माझ्या अंगणात नळीला डोळा लावून बघताय! इस्राएल लोक त्याच्या नादी लागले, त्यांचं काय झालं? गुलाम होऊन देशोधडीला लागले. आणि आपण? पाऊस का पडत नाही म्हणून विचारता? ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या ग्रहांच्या नावानं दक्षिणा घेतली, त्यांच्या हातात आपण आपलं अंगण दिलं, आपल्या बायकापोरी दिल्या!"

बायकापोरी हा शब्द त्यांनी ठरवला नव्हता. तो आपोआप बाहेर आला. बाहेर आल्यावर त्यांचे डोळे डाव्या बाजूच्या बाकांकडे गेले, जिथे बायका बसत. त्यांना चेहरे दिसत नव्हते. एक मान मात्र खाली गेलेली नव्हती, एवढं कळलं.

"आजपासून या आवारात दुर्बीण येणार नाही," ते म्हणाले. आणि आमेन म्हटलं.

गाव लहान, गोष्ट मोठी. दुपारपर्यंत ती वेशीच्या आत पोचली, आणि पोचेपर्यंत तिला शेपूट फुटलं. पाळकानं शनीला शिव्या दिल्या, असं कुणी सांगितलं. चर्चमधे शनीची पूजा चालते, असंही कुणी सांगितलं. सोमवारी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडे चार माणसं जाऊन आली. बुधवारी सुकडीचं पोतं घेऊन शिपाई आला. रविकांत आला नाही.

मालनबाईंनी चहा केला नाही. त्या रविवारपासून त्या गरजेपुरतं बोलत होत्या, आणि गरजा त्यांनी अगदी कमी करून टाकल्या होत्या. शांतवनराव वाट बघत होते की ती भांडेल, रडेल. भांडली असती तर त्यांना समजलं असतं की चोर सापडला. शेवटी बुधवारी जेवताना तेच म्हणाले, "तुला वाईट वाटलेलं दिसतंय सरांचं."

मालनबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"आमोसचा पाचवा अध्याय," त्या म्हणाल्या. "सव्विसावं वचन वाचलंत. आठवं?"

शांतवनरावांनी आमटीची वाटी पुढे ओढली.

"मी सांगू? आठव्या वचनात तोच आमोस म्हणतो, ज्यानं कीमा आणि कसील केले त्याला शोधा. जो समुद्राच्या पाण्याला हाक मारतो आणि पृथ्वीवर ओततो, त्याला. एकाच अध्यायात आहे, एकाच पानावर. खडी फोडून आलेल्या माणसांना तुम्ही पाण्याचं वचन वाचून दाखवलं नाहीत, शनीचं दाखवलंत. का?"

"मालन, तू त्या माणसाशी…"

"काय त्या माणसाशी?"

"तो अविवाहित, तू रोज… लोक बोलतात."

"लोक काही बोलत नव्हते. रविवारी तुम्ही बोललात, त्यानंतर लोक बोलायला लागले." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तुमच्यासाठी काय काय केलं ते मोजत नाही. पण लग्न झाल्यापासून मी जे केलं ते तुमच्यासाठी, नाहीतर पोरीसाठी, नाहीतर मंडळीसाठी, नाहीतर शाळेतल्या मुलांसाठी. त्या दिवशी मी नळीला डोळा लावला ना, ते कुणासाठीच नव्हतं. सरांसाठी तर नव्हतंच. त्या माणसाचा चेहरा पण मला धड आठवत नाही. ते माझं होतं. एवढंच एक माझं होतं, आणि तुम्हाला तेवढंही बघवलं नाही."

त्या उठल्या आणि ताट घेऊन बाहेर गेल्या.

शांतवनराव बसून राहिले. तिचा विश्वासघात सिद्ध झाला असता तर त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं. त्यासाठी शास्त्रात वचनं होती. क्षमा करायची होती, मोठ्या मनानं. ती क्षमा त्यांनी मनात कितीदा तरी रंगवली होती. पण इथे त्यांच्या क्षमेला कुणी गिऱ्हाईकच नव्हतं. दुसरा पुरुष असता तर त्याच्याशी झुंजता आलं असतं. बायकोच्या आनंदाशी कसं झुंजायचं? आणि खरं सांगायचं तर त्यांना अजूनही हेवा वाटत होता. आता तर जास्तच. रविकांतचा नव्हे, त्या नळीतल्या पिवळ्या ठिपक्याचा. त्यानं तिच्या तोंडून तो आवाज काढला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि ते वेशीच्या आत, ब्राह्मण आळीत गेले. पाळक म्हणून गावात त्यांना मान होता, तहसील कचेरीत खुर्ची मिळायची, पण या आळीत ते कामाशिवाय कधी शिरले नव्हते. नेवासकरांच्या घराला उंच ओटा होता. त्याच्याखाली ते उभे राहिले. हाक मारावी की परत फिरावं, असं त्यांना झालं. शेवटी त्यांनी हाक मारली.

रविकांत बाहेर आला. त्यांना पाहून दचकला, मग म्हणाला, "वर या ना."

ते ओट्यावर चढले आणि बसले. आतून पाण्याचा तांब्या आला, भांडं आलं.

"दुर्बीण परत मागितली हेडमास्तरांनी," रविकांत म्हणाला. "कपाटात गेली. किल्ली त्यांच्याकडे."

"मी त्यांना भेटतो."

"उपयोग नाही. आता तुम्ही काही म्हणालात तर आणखी वाढेल." त्याच्या बोलण्यात कडवटपणा होता, आणि तो लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही. "माझ्या वडिलांच्या दक्षिणेबद्दल बोललात म्हणे. मी स्वतः कधी कुणाची पत्रिका पाहिलेली नाही, पाळकसाहेब. यावरून घरात माझं रोज भांडण होतं. तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत."

"मला मत्सर वाटला," शांतवनराव म्हणाले. इतकं सरळ म्हणायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. "आधी आकाशाचा. मग बायकोवरून. म्हणून शनीचं वचन वाचलं, आणि त्याच अध्यायातलं ताऱ्यांचं दडवलं."

रविकांतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाईंवरून? माझ्याबद्दल?" तो उठून उभा राहिला, परत बसला. "अहो, त्या मला शेवटपर्यंत एकच विचारत होत्या, नळी कशी फिरवायची. मी नसलो तरी चालावं म्हणून."

तेवढ्यात आतून यज्ञेश्वरशास्त्री बाहेर आले. खांद्यावर उपरणं, हातात सुपारीचा अडकित्ता. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, आणि ऐकलं नाही असं भासवायचं त्यांचं वय उलटलं होतं.

"काय हो भिंगारदिवे, एक वचन वाचायचं नि एक दडवायचं, हे तुमच्यातही चालतं म्हणायचं," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, ते फक्त आम्हालाच येतं." सुपारी कातरत तो परत आत गेला.

रविकांतला हसू आलं, ते त्यानं दाबलं. शांतवनरावांनाही येणार होतं, पण आलं नाही.

"तुम्ही आयिशचं विचारलं होतंत," ते म्हणाले. "नक्की कुणालाच माहीत नाही. सप्तर्षी म्हणतात, पण ती अटकळ आहे. तो शब्द दोनच ठिकाणी आलाय, आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलाय. त्याच वचनात आणखी एक शब्द आहे, मज्जारोथ. तो तर एकदाच येतो. कुणी म्हणतं राशी, कुणी म्हणतं ग्रह. ज्यांनी तो लिहिला ते वर बघून काय दाखवत होते, ते त्यांच्याबरोबर गेलं. मला येत नव्हतं म्हणून मी तुम्हाला तसं बोललो."

रविकांत पुढे सरकला. "दोन ठिकाणी वेगवेगळं? ते कसं?"

शांतवनरावांनी भांड्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ओट्याच्या फरशीवर उजवीकडून डावीकडे अक्षरं काढली. ती सुकायच्या आत दुसरी काढली. दिवे लागेपर्यंत दोघं तसेच वाकून बसले होते. पण निघताना रविकांत म्हणाला, "मी अंगणात नाही येणार आता. वडिलांना या वयात चार लोकांचं ऐकायला लागलं. बाईंना सांगा, गुरू पावसाळ्यानंतर संध्याकाळी दिसेल. चंद्र मात्र नुसत्या डोळ्यांना नाही दिसायचे."

रविवारी शांतवनरावांनी तोच अध्याय पुन्हा उघडला. लोकांत कुजबुज झाली. त्यांनी आठवं वचन वाचलं, मूळ हिब्रूतून आणि मग मराठीतून. वाचून झाल्यावर म्हणाले, "गेल्या रविवारी हे वचन मी गाळलं. विसरलो नव्हतो. मला एका माणसाचा हेवा वाटला, आणि मी देवाचं पुस्तक त्याच्या अंगावर फेकलं. नेवासकर सरांनी काही गैर केलेलं नाही. तुम्हीही नाही. आणि पाऊस शनीमुळे अडलेला नाही. का अडलाय ते मला ठाऊक नाही."

घरी परतल्यावर मालनबाईंनी जेवायला वाढलं. नेहमीसारखं वाढलं, त्याहून जास्त नाही. "सरांकडे गेला होतात?" त्यांनी विचारलं. शांतवनरावांनी सगळं सांगितलं. गुरूच्या चंद्रांचं सांगितलं तेव्हा मालनबाईंचा हात वाढता वाढता थांबला. मग त्यांनी भात वाढला.

"बुधवारचा वर्ग तू घे," शांतवनराव म्हणाले. "वरचा भाग. मी वाचीन, तू दाखव."

"तुम्ही सांगताय म्हणून नाही," मालनबाई म्हणाल्या. "रंगुबाईंनी मला मघाशीच विचारलंय. मी हो म्हणाले."

फेब्रुवारी संपत आला होता. कृत्तिका पश्चिमेला झुकल्या होत्या, आणि ईशान्येला सप्तर्षी क्षितिजावर चढू लागले होते. शांतवनरावांनी उताऱ्यापुरतं वाचलं, पुस्तक मिटलं, आणि पहिल्यांदाच अंगणात खाली, शेवटच्या रांगेत, लोकांबरोबर मातीत बसले. पुढे मालनबाई उभ्या होत्या. दुर्बीण नव्हती, काही नव्हतं. रंगुबाईचा चिंध्या बांधलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला होता आणि तो हळूहळू वर नेत होत्या.

"ह्या चार चांदण्या बघा, बाजल्याच्या चार खुरांसारख्या. आणि ह्या तीन मागून येतात. पाळकसाहेब म्हणतात, ही आई आहे आणि तिची पिलं. खरं काय ते कुणाला माहीत नाही. पण पिलं म्हटलं की लक्षात राहतं."

"मागची तिसरी लई लांब राह्यलीय," रंगुबाई म्हणाली. "आमच्या धाकल्यावानी."

मालनबाई हसल्या. तोच आवाज होता, श्वास अडकल्यासारखा. तो रंगुबाईच्या कानाशी निघाला होता, आणि शांतवनरावांना शेवटच्या रांगेत तो जेमतेम ऐकू आला. त्यांच्या छातीत जुनी कळ उठली. इतक्या जवळ ती म्हातारी उभी होती, तिचा हात हातात, आणि आपण इथे. सत्तरीच्या बाईचा हेवा! त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. पण कळ काही खोटी नव्हती, आणि त्यांनी ती खोटी आहे असं स्वतःला सांगितलंही नाही. ते उठले, दोन रांगा ओलांडून पुढे सरकले आणि पोरांच्या मधे जागा करून बसले.

"मालनबाई," त्यांनी हाक मारली. चारचौघांत, सगळे मारतात तशी. "मला कळलं नाही. पुन्हा सांगता का?"

लोकांनी वळून पाहिलं. मालनबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"मागच्यांना ऐकू आलेलं दिसत नाही," त्या सगळ्यांनाच उद्देशून म्हणाल्या. "बरं. परत बघा सगळ्यांनी. आधी ते चार खूर."